ढब्बूची सुधारलेली आवृत्ती

कुत्र्याचं लायसन काढायला कुत्र्याचा फोटो लागत नाही. मालकाचं नाव, पत्ता, सही आणि कुत्र्याचं वर्णन एवढं लिहून दिलं की काम होतं. वेलकर मास्तरांनी हे आधी कुणा जाणत्याला विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अडचण अशी की त्या वेळी फणसवाडीत अजाणता माणूस एकही नव्हता. प्रत्येकाला सगळं माहीत होतं, आणि प्रत्येकजण ते सांगायला मोकळा होता.

मुळात लायसनचं खूळ मास्तरांच्या डोक्यात शिरलं ते त्यांच्याच तोंडून. चौथीच्या वर्गावर नागरिकशास्त्राचा तास चालला होता. मास्तरांचा हा आवडता विषय. गणितात मुलं चुकतात, इतिहासात राजे चुकतात; नागरिकशास्त्रात मात्र सगळे नियमाप्रमाणे वागतात, असं ते म्हणत.

"जनावर पाळणं म्हणजे शिळी पोळी टाकणं नव्हे," मास्तर शिकवत होते. "ते आजारी पडलं तर औषध कोण आणणार? कुणाला चावलं तर जबाबदार कोण? या प्रश्नांना जो 'मी' म्हणतो, तो मालक."

"गुरुजी, मग आपला ढब्बू कुणाचा?" पहिल्या बाकावरच्या दुर्गानं विचारलं.

"सगळ्यांचाऽ!" वर्ग एका सुरात म्हणाला.

"सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही," मास्तर म्हणाले. जिन्यावरचा दिवा आणि शाळेचा नळ यांच्याबद्दल ते हे वाक्य नेहमी म्हणत. पण या वेळी चाळीस पोरं त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. शाळेच्या पायरीवर ढब्बू झोपला होता, तो नेमका त्याच वेळी उठला आणि दारातून आत पाहू लागला. मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"माझा," ते म्हणाले.

ढब्बू तसा त्यांचाच होता. दीड वर्षापूर्वी ठाकूरद्वारच्या नाक्यावर ट्रॅमच्या चाकानं त्याचा डावा कान अर्धा नेला, तेव्हा मास्तर शाळेसाठी नवा नकाशा घेऊन चालले होते. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या त्याच नकाशात त्यांनी ढब्बूला गुंडाळून घरी आणलं आणि पोटॅशच्या पाण्यानं त्याची जखम धुतली. त्या राज्याचा एवढा एकच चांगला उपयोग झाला, असं शेजारचे बाबुराव मराठी राज्य मागणाऱ्या सभेला जाता-येता सगळ्यांना सांगत. कान काही परत आला नाही. उजव्या डोळ्याभोवती जन्मापासूनचा काळा डाग होता. त्यामुळे ढब्बू एका बाजूनं चष्मा लावलेला आणि दुसऱ्या बाजूनं मार खाल्लेला दिसे. एकंदरीत तो शिक्षकाच्या घरी शोभण्यासारखा होता.

मास्तर लायसनचा अर्ज घेऊन आले आणि 'कुत्र्याचे वर्णन' या रकान्याशी अडले. रकाना दोन ओळींचा होता. मास्तरांचा पहिला मसुदा दीड पानाचा झाला.

"हे वर्णन आहे की पोवाडा?" बाबुराव म्हणाले. बाबुराव कोर्टात कारकून होते. जगातली निम्मी दुःखं कागद नसल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी कागद अपुरा असल्यामुळे, असं त्यांचं मत होतं. "मास्तर, शब्दाला काय किंमत? उद्या कुणी म्हणालं, हा डाग तो डाग नव्हे. मग? फोटो लावा. वर्णनात लिहा, 'सोबतचा फोटो पाहावा.' खटला संपला."

"कसला खटला?"

"होऊ नये म्हणूनच तर फोटो!"

कोपऱ्यातल्या खोलीतल्या सुंदराबाईंना ते पसंत पडलं नाही. "मुक्या जनावराचा फोटो काढू नये. दृष्ट लागते. आमच्या गायीचा काढला, ती आटली."

"सुंदराबाई, हा दूध देत नाही."

"म्हणूनच म्हणते. घालवायला त्याच्याकडे दुसरं आहे काय?"

पण मास्तरांच्या मनानं फोटो घेतला होता. चाळीस मुलांसमोर शब्द दिला होता. काम व्हायचं तर पक्कं व्हायला हवं.

ठाकूरद्वारला सीताराम वेंगुर्लेकरांचा 'चंद्रिका फोटो स्टुडिओ' होता. गिरगावात कुणाच्या मुलीचं किंवा मुलाचं लग्न काढलं की पहिली पायरी सीतारामची आणि मग देवळाची. त्याचं स्वतःचं एक वाक्य होतं आणि ते तो अतिशय नम्रपणे म्हणत असे: "देवाक नावं ठेवीत नाय मी, पण माझ्या स्टुडिओतून आजपर्यंत एकही नकटी मुलगी बाहेर पडली नाय."

स्टुडिओत रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात हंस आणि मागे कुठल्याशा परदेशी वाड्याचा जिना. ढब्बूनं आधी हंसावर झडप घातली. मग त्याला खुर्चीवर बसवलं, तर त्यानं खुर्चीच्या मखमलीचा वास अशा काही गंभीरपणे घेतला की सीताराम ओरडला, "मास्तर, उतरवा त्येका! त्या खुर्चीवर उद्या नवरी बसायची हा!" शेवटी ढब्बू तिपाईवर बसला. सीतारामनं काळ्या कापडात डोकं घातलं. डोकं नसलेला माणूस पाहून ढब्बू पडद्यामागे गेला. तिथून त्याला पोळी दाखवून आणलं. पोळी खाताना तो हलला म्हणून फोटोची एक काच वाया गेली. पोळी संपली म्हणून हलला, दुसरी गेली.

तेव्हा मास्तरांनी जे पंचवीस वर्षं वर्गात केलं तेच केलं. उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "आता कुणी हलायचं नाही."

ढब्बू हलला नाही. सीतारामही हलला नाही. दारातून आत पाहणारे दोन वाटसरू आणि एक नारळवाला, तेही जिथल्या तिथे उभे राहिले. फोटो निघाला.

चार दिवसांनी छापलेला फोटो मास्तरांच्या हातात आला. फोटोतला कुत्रा देखणा होता. दोन्ही कान ताठ. चेहरा उजळ, डागाचा मागमूस नाही. नजर एखाद्या संस्थानिकाकडे नोकरीला असल्यासारखी.

"हा ढब्बू?" मास्तर म्हणाले.

"अहो, फोटोत माणूस थोडा उजळ येतोच," त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणाल्या. "आपल्या लग्नातला फोटो काढा बघू. त्यात तुम्ही तरी कुठे तुमच्यासारखे दिसता?"

यावर मास्तरांनी बोलायला हवं होतं. खोटा कागद सरकारदरबारी देऊ नये, हे चौथीच्या पुस्तकात आठव्या पानावर आहे. पण सुभद्राबाईंनी तो फोटो साऱ्या गॅलरीत फिरवून आणला होता. वाडीतली पोरं ढब्बूला तो फोटो दाखवून अभिनंदन करत होती. मास्तरांचंही मन, खोटं कशाला बोला, जरा फुललं होतं. त्यांनी वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'सोबतचा फोटो पाहावा', आणि अर्ज दिला. कचेरीतल्या कारकुनानं फोटो पाहून भुवया उंचावल्या, पण आलेला कागद नोंदीला लागलाच पाहिजे म्हणून तो वहीत चिकटवला आणि पितळेचा बिल्ला दिला. नंबर तीनशे अकरा. ढब्बू आता नागरिक झाला.

महिना-दीड महिना सगळं नियमाप्रमाणे चाललं. मग पाडवा आला.

पाडव्याच्या आधी घरातली पितळेची भांडी चिंचेनं घासायची, हा सुभद्राबाईंचा नेम. बुधवारी सकाळी त्यांनी समया, तांब्या, ताम्हन, घंटा सगळं मोरीत मांडलं. घासून झाल्यावर समोर पाहतात तो ढब्बूच्या गळ्यातला बिल्ला काळपट. घरातलं सगळं पितळ लखलखतंय आणि हा एकटाच का मळका? त्यांनी पट्टा सोडला, बिल्ल्याला चिंच लावली, धुतला आणि गॅलरीच्या कठड्यावर समयांच्या रांगेत वाळत ठेवला.

गळा मोकळा झाल्याचा आनंद ढब्बूनं वाडीच्या तोंडाशी जाऊन साजरा केला. तिथे त्याच वेळी कुत्रे पकडणारी गाडी उभी होती. बिल्ला नसलेला कुत्रा म्हणजे बेवारशी, हा गाडीवाल्यांचा नियम. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पोरं ओरडत धावली तोवर गाडी वळली होती.

मास्तर शाळेतून घरी आले तेव्हा सुभद्राबाई बिल्ला हातात धरून उंबऱ्यात बसल्या होत्या. बिल्ला सोन्यासारखा चकाकत होता.

"माझ्याच हातानं काढला हो," त्या म्हणाल्या. "गाडीनं नेलं त्याला."

मास्तर पागोटंही न उतरवता तसेच निघाले. पण कोंडवाडा होता परळच्या पलीकडे, आणि पोहोचेतो तो बंद झाला होता. पहारेकऱ्यानं फाटकातूनच नियम सांगितला: पकडलेला कुत्रा तीन दिवस ठेवतात. शनिवारी दुपारी बाराच्या आत मालक आला नाही तर संपलं.

गुरुवारी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवून मास्तर पुन्हा गेले. लायसनची कचेरी आणि कोंडवाडा एकाच आवारात. टेबलापाशी तोच कारकून होता: आनंदा गमरे, वय तीसच्या आतबाहेर, डोक्याला काळी टोपी, पेन्सिली एका लांबीच्या. मास्तरांनी बिल्ला टेबलावर ठेवला. गमऱ्यांनी वही काढली, तीनशे अकरा नंबरचं पान उघडलं आणि दोघं पिंजऱ्यापाशी गेले.

मास्तरांना पाहून ढब्बूनं अंग असं काही हलवलं की पिंजरा वाजू लागला.

"बघा! ओळखलं की नाही मला?"

"शेपूट सगळेच हलवतात, मास्तर. सकाळी माझ्याकडे बघूनही हलवलं." गमऱ्यांनी फोटो पाहिला, ढब्बू पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "हा तो कुत्रा नव्हे."

"अहो, तोच!"

"नोंदीतल्या कुत्र्याला दोन कान आहेत."

"यालाही होते."

"कान कधी गेला?"

"दीड वर्ष झालं."

"फोटो दोन महिन्यांचा आहे." गमऱ्यांनी वही मिटली. "मास्तर, तुम्ही शिक्षक आहात, म्हणून सरळ विचारतो. तीनशे अकरा नंबरचा बिल्ला त्या उमद्या कुत्र्याचा. तो बिल्ला तुम्ही घेऊन आलात, आणि सोडवताय याला. मग तो कुत्रा कुठे आहे?"

"तो कुत्रा नाहीच!"

"म्हणजे मेला?"

"म्हणजे जन्मलाच नाही! कान, रंग, सगळं त्या फोटोवाल्यानं..." पंचवीस वर्षांत मास्तरांवर कुणी एक खडू लपवल्याचाही आळ घेतला नव्हता, आणि आज एक अख्खा कुत्रा गायब केल्याचा आला होता. "गमरेसाहेब, एक कुत्रा तर आहे. करून टाका की नोंद. कोण बघतंय?"

हे वाक्य आपल्याच तोंडून आलं हे ऐकून मास्तर स्वतःच दचकले.

गमरे रागावले नाहीत. "मी बघतोय ना," ते म्हणाले. "मास्तर, आमच्या चाळीतून या टेबलापर्यंत आलेला मी पहिला. दुसऱ्याच्या टेबलावरून चुकीचा कागद गेला तर लोक म्हणतात, कारकून चुकला. माझ्या टेबलावरून गेला तर सगळ्या वस्तीकडे बोट दाखवतात. मी चुकीची नोंद करत नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. वर्गात त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"एक करा," गमरे जरा मऊ होऊन म्हणाले. "मूळ फोटो आणा, बिनदुरुस्तीचा. आणि ज्यानं काढला त्याला आणा. फोटोत बदल केला असं त्यानं माझ्यासमोर लिहून द्यायला हवं. शनिवारी बाराच्या आत."

"उद्या तर मराठी राज्यासाठी हरताळ आहे."

"हरताळ माझ्या टेबलाला आहे. पिंजऱ्याला नाही."

मास्तर परळहून थेट ठाकूरद्वारला आले. सीताराम खिडकीपाशी बसून एका काचेवर टोकदार पेन्सिल फिरवत होता. त्या काळी फोटो आधी काचेवर उलटा उमटे. काळं ते पांढरं दिसे आणि पांढरं ते काळं; मग त्यावरून कागदावर सुलटा छापत. काचेवर पेन्सिल फिरवली की तेवढी जागा कागदावर उजळ येई. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरची आठी, सगळं त्या पेन्सिलीखाली नाहीसं होई. गिरगावातली कित्येक लग्नं त्या पेन्सिलीच्या टोकावर जमली होती.

"सीताराम, तू माझ्या कुत्र्याला कान का काढलास?"

"नव्हतो म्हणान काढलंय!" सीताराम चकित होऊन म्हणाला. रागावला किंवा घाबरला की तो मालवणीत शिरे. "मास्तरानू, उणा दिसला की माझो हात आपसूक जाता. कुत्र्याचो फोटो खऱ्यासारखो हवो, ह्या माका काय ठाऊक? आजपावत कोणी तसो मागूकच नाय!"

मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइननं धुऊन निघतं, मूळ फोटो पुन्हा काढता येईल, हे सीतारामनं कबूल केलं. पण कचेरीत येऊन लिहून द्यायचं म्हणताच त्यानं दोन्ही हात जोडले.

"काच धुतंय. पण कागदावर सही? वेंगुर्लेकर फोटो सुधारता, असा सरकारी शिक्क्याखाली? मास्तर, बाबुरावांच्या मुलीचो, यशोदाचो, फोटो आताच माहीमच्या स्थळाक गेलोय. तिचो चष्मा मी काढलंय. उद्या तिकडे कळला तर? माझ्या दारात गिऱ्हाईक नाय, वधुपिते दगड घेऊन येतीत."

मास्तर रिकाम्या हातानं वाडीत आले. तिथे सल्ल्यांची पंगत बसलीच होती. बाबुरावांनी, आपण सुचवलेला फोटो बरोबरच होता, कुत्रा कमी पडला, असा निकाल दिला. मग ते म्हणाले, "कचेरीत जाऊन फोटो कशाला बदलता? कुत्रा बदला. डागावर खडूची पूड चोळा, कानाला पुठ्ठा लावा. पाच मिनिटांचं काम."

"आणि तो हलला तर?"

"तुम्ही बोट वर करा."

सुंदराबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, दृष्ट लागते." आणि मग कुणाला दिसू नये अशा बेतानं त्यांनी देवापुढे ढब्बूच्या नावानं एक नारळ ठेवला.

शुक्रवारी कडकडीत हरताळ. ट्रॅमचे रूळ मोकळे, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्त्यावर फक्त घोषणा. मास्तर स्टुडिओशी गेले, तर मागचं दार किलकिलं होतं. आत सीताराम बाही वर सारून बसला होता. समोर ढब्बूची काच, हातात टर्पेंटाइनचा बोळा.

"रात्रभर डोळो लागूक नाय," तो म्हणाला. "कान काढूक माका दीड तास लागलो होतो. असो कान मी माणसाकसुद्धा दिलंय नाय." त्यानं डोळे मिटून बोळा फिरवला.

तेवढ्यात फळीवर थाप पडली. "कोण आहे आत? हरताळात दुकान उघडता? लाज आहे की नाही?"

दार उघडलं, तर पाच-सहा स्वयंसेवक. पुढचा रामदास, आठ वर्षांपूर्वी मास्तरांच्या वर्गात होता. मास्तरांना पाहून त्याची घोषणा घशातच राहिली. मास्तर तरी काय करणार? नागरिकशास्त्राचा शिक्षक हरताळ मोडताना पकडला गेला होता, आणि तोही माजी विद्यार्थ्याकडून. त्यांनी मान ताठ ठेवून जेवढी लाज वाटत होती तेवढ्या लाजेनं सगळं सांगितलं.

रामदासनं डोकं खाजवलं. आपल्या मंडळींशी कुजबुजला. मग गंभीरपणे विचारलं, "गुरुजी, कुत्रा कुठला?"

"जन्म फणसवाडीतला."

"मग चालू द्या. पण फळी लावून घ्या. आणि सीतारामशेठ, धंदा नाही करायचा हां, फक्त कुत्रा." जाता जाता त्यांच्यातला एकजण फळीबाहेर पहाऱ्याला बसला, तो काम होईपर्यंत उठला नाही.

तासाभरानं कागद औषधी पाण्याच्या तसराळ्यात तरंगू लागला आणि त्यावर हळूहळू ढब्बू उमटला. आधी डोळ्याभोवतीचा डाग. मग फाटका कान. मग नजर. ती नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच. ती थोडी वर, बाजूला होती, जिथे त्या दिवशी मास्तरांचं बोट होतं. 'तुम्ही म्हणाल तोवर नाही हलणार,' असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं. पेन्सिलीनं चेहरा उजळ करताना सीतारामनं तेवढं पुसून टाकलं होतं.

सीताराम तसराळ्यावर वाकला.

"ह्या मी खोडलंय होय?" तो हळूच म्हणाला. मग त्यानं कागद चिमट्यानं उचलून दोरीला लावला. "उद्या किती वाजता निघायचं, मास्तर?"

शनिवारी दोघं सव्वाअकराला कचेरीत हजर. सीताराम लग्नाला जावं तसा कोट घालून आला होता आणि मयताला जावं तसा दिसत होता. गमऱ्यांनी नवा फोटो पिंजऱ्याशी धरून पाहिला. कान जुळला. डाग जुळला.

"हा तोच कुत्रा," ते म्हणाले. मास्तरांनी डोळे मिटले. "आता लिहून द्या."

सीतारामनं टाक घेतला. कपाळावर घाम आला. त्यानं लिहिलं आणि गमऱ्यांनी ते मोठ्यानं वाचलं: "'धंद्याच्या रिवाजाप्रमाणे मी फोटोत किरकोळ सुधारणा केली.' किरकोळ? अर्धा कान आहे हो."

"आमच्यात तो किरकोळच," सीताराम पुटपुटला.

"बरं. पण एक अडचण आहे." गमऱ्यांनी वहीवर बोट ठेवलं. "कुत्रा तोच, हे मला पटलं. पण वहीतला फोटो काढून दुसरा लावायचा तर वरच्या साहेबांची सही लागते. साहेब सोमवारी येणार."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. आवारातून ढब्बू भुंकला. मास्तर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. नियम बरोबर होता, गमरे बरोबर होते, आणि पंधरा मिनिटांनी ढब्बू नसणार होता.

"गमरेसाहेब," ते शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. फोटो खोटा आहे हे मला दिसलं होतं. तरी मी तो दिला. चांगला दिसत होता म्हणून. त्या चुकीची शिक्षा मला करा, मी सही करतो. त्याला नको."

सीतारामच्या कबुलीला जोडण्यासाठी गमऱ्यांनी नवा फोटो उचलला, पालथा केला आणि थांबले. पाठीवर शिक्का होता: 'चंद्रिका फोटो स्टुडिओ, ठाकूरद्वार'.

वहीतला फोटो चिकटवलेला. चिकटवताना त्याच्या पाठीकडे त्यांनी लक्षच दिलं नव्हतं.

"तुम्ही," गमरे सीतारामकडे पाहून म्हणाले, "तुम्ही माणसांचे फोटोही सुधारता?"

"माणसांचेच," सीताराम मेल्यासारखा म्हणाला. "कुत्रा हा पहिलाच."

गमऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग सावकाश डोक्यावरची टोपी काढली. टोपीखाली, दोन्ही कानांवरचे थोडे केस सोडले तर, स्वच्छ मैदान होतं.

"दोन वर्षांपूर्वी आलो होतो तुमच्याकडे. तेव्हा तुमचं डोकं काळ्या कापडात होतं, म्हणून ओळखलं नाही. चाळीत सगळे म्हणाले, स्थळासाठी फोटो काढायचा तर ठाकूरद्वारलाच जा."

सीतारामनं त्या डोक्याकडे निरखून पाहिलं. कारागिराला आपलं काम आठवतं. "डावीकडे भांग," तो म्हणाला.

"हो."

"कपाळावर एक बट."

"हो, बट." गमऱ्यांनी सुस्कारा टाकला. "लग्न झालं. बायको चांगली आहे, काही बोलली नाही. फोटो भिंतीवर लावलाय तिनं. कुणी विचारलं तर सांगते, हे आमचे धाकटे दीर, परगावी असतात."

मास्तरांना हसू आलं, पण पंचवीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी ते मिशीतच धरून ठेवलं.

गमऱ्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि वही पुढे ओढली. "फोटो बदलण्याचा अधिकार साहेबांचा," ते म्हणाले. "पण शेऱ्याचा रकाना माझा आहे. त्यात खरं असेल ते लिहायला कुणाची सही लागत नाही." आणि तीनशे अकरा नंबरच्या पानावर, त्या देखण्या कुत्र्याच्या शेजारी, वळणदार अक्षरात त्यांनी शेरा लिहिला: 'कुत्रा तोच आहे. फोटो स्टुडिओतला आहे.' खाली सही केली, तारीख घातली आणि पिंजऱ्याची किल्ली काढली.

ढब्बू बाहेर आला तो आधी मास्तरांच्या अंगावर, मग सीतारामच्या लग्नाच्या कोटावर आणि मग निःपक्षपातीपणे गमऱ्यांच्या धोतरावर. मास्तरांनी पट्टा बांधला. गाठ दोनदा मारली, मग तिसरी.

फाटकापर्यंत गमरे त्यांना पोचवायला आले. तिथे ते सीतारामजवळ घुटमळले.

"वेंगुर्लेकर, माझी काच आहे अजून तुमच्याकडे?"

"असणार. मी काच टाकीत नाय."

"तीही धुता येईल?"

"धुवायला नकोच," सीताराम म्हणाला. "केस पेन्सिलीनं येत नाय, ते मी कागदावर ब्रशानं काढले होते. काचेक मी हातच लावलंय नाय. काचेवर तुम्ही आहात तसेच आहात."

ढब्बूनं घराच्या दिशेनं पट्टा ताणला आणि मास्तर दोन पावलं ओढले गेले, तरी ते ऐकायला थांबले.

"मग त्यावरून एक फोटो काढा," गमरे म्हणाले. "भिंतीवर दिराशेजारी जागा आहे. घरात एकदा माझाही फोटो लागू दे."